परदेशातल्या बसचा रॅम्प आला कुठून?

मुलाकडे अमेरिकेला निघालेले दादर-पार्ल्याचे आजी-आजोबा विमानतळावर व्हीलचेअर मागून घेतात, यात आता कुणाला नवल वाटत नाही. अडचण सुरू होते ती तिकडे शहर बघायला निघाल्यावर. ग्रुप टूरच्या बहुतेक कोचना उंच पायऱ्या असतात. त्याच शहरातल्या साध्या सिटी बसला मात्र रॅम्प असतो. हा रॅम्प कुणी मायेपोटी दिलेला नाही.

जुलै १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९ अपंग आंदोलकांनी भर चौकात बस अडवल्या आणि रात्रभर तिथेच ठाण मांडलं. मागणी एकच, आम्हालाही बसमध्ये चढता आलं पाहिजे. पुढे मार्च १९९० मध्ये वॉशिंग्टनला अनेकांनी व्हीलचेअर, कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदेच्या पायऱ्या सरपटत चढल्या. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा झाला. सार्वजनिक वाहतूक त्यात आलीच.

लंडनमध्ये २००० पासून प्रत्येक काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर जायलाच हवी. मागच्या उघड्या फलाटावरून चढायच्या लाल बस २००५ च्या अखेरीस नेहमीच्या मार्गांवरून गेल्या, त्यांच्या जागी पायरी न चढता आत जाता येईल अशा कमी उंचीच्या तळाच्या बस आल्या. तिथली भुयारी रेल्वे १८६३ सालची, त्यामुळे निम्म्याहून जास्त स्थानकांत आजही जिनेच आहेत. पॅरिसचं दुखणं तेच: जुन्या मेट्रोला लिफ्ट नाहीत, १९९८ ची १४ नंबरची लाइन मात्र सोयीची. तिथे बसने फिरावं हे बरं. आयफेल टॉवरवर व्हीलचेअर दुसऱ्या मजल्यापर्यंत जाते, टोकाला नाही. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, लिफ्ट आली ती २००४ च्या पॅरालिम्पिकच्या निमित्ताने. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतात, त्यातला हा प्रकार!

गंमत म्हणजे ब्रिटनचा असा कायदा १९९५ चा, आणि आपलाही १९९५ चाच. पण आपल्या कायद्यात बस-रेल्वेच्या सोयी ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करायच्या होत्या. या तीन शब्दांच्या आड बरंच काही लपलं. २०१६ च्या नव्या कायद्याने मुदती घातल्या. २०१४ पासून धावणाऱ्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. लोकलचा फूटबोर्ड आणि फलाट यांच्यातली फट मात्र अजून तशीच.