दमट कपाटातला सिंह

“पावसात पॉलिश नको, पांढरं पडेल,” असं आमच्या सुतारमामांनी गेल्या जुलैत ठणकावून सांगितलं आणि कपाट दिवाळीपर्यंत कोरंच राहिलं. त्यांचं बरोबरच होतं. लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि पांढरट डाग उठतात. पण यावरून ‘लाकडावरचा कुठलाही लेप कोरड्या हवेतच वाळतो’ असा जो समज होतो, तो जपानच्या सिंहाच्या मुखवट्यांनी पार खोटा ठरवला आहे.

या मुखवट्याला तिथे ‘शिशिगाशिरा’ म्हणतात, म्हणजे सिंहाचं डोकं. देवळाच्या उत्सवात नाचणारा तो डोक्यावर घेतो आणि आतून जबडा खटाखट वाजवतो. मजा अशी की जपानच्या रानात सिंह नाहीतच. हा प्राणी चीन-कोरियामार्गे आला. नारा शहरातल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातले सिंहमुखवटे आजही जपलेले आहेत. त्याच नाऱ्यात ७५२ साली महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे रंगवायचा मान भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूला मिळाला होता.

इशिकावा प्रांतातल्या त्सुरुगी गावात हे मुखवटे पॉलोनियाच्या लाकडातून कोरतात. घनफूटभर सागवान अठरा किलोच्या आसपास भरतं, पॉलोनिया जेमतेम आठ-नऊ. तासन् तास नाचायचं तर हा फरक मानेला कळतो. पण लाकूड इतकं मऊ की नखानेही ओरखडा उठावा. त्याला चिलखत चढवतो तो ‘उरुशी’चा लेप.

उरुशी म्हणजे आपली लाख नव्हे. लाख किड्याची, उरुशी हा झाडाचा चीक. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाच्या सालीला चिरा देऊन हंगामभरात मिळतो जेमतेम २०० ग्रॅम. त्यात निम्म्याहून जास्त उरुशिऑल नावाचं तेलकट द्रव्य असतं, त्यात पाण्याचे बारीक थेंब विखुरलेले, आणि त्या थेंबांत लॅकेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं एन्झाइम. १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा ओळखलं. खरी करामत याच विकराची.

लॅकेजच्या रेणूत तांब्याचे चार आयन असतात. ते उरुशिऑलकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि हवेतल्या ऑक्सिजनला देतात. ऑक्सिजनचं पाणी होतं. इलेक्ट्रॉन गमावलेला उरुशिऑल म्हणजे अस्वस्थ मुक्तमूलक, एकट्या पडलेल्या इलेक्ट्रॉनला जोडीदार शोधणारा रेणू. तो शेजारच्या रेणूला जोडला जातो, ते दोन तिसऱ्याला, असं करत जाळं विणलं जातं. पुढे प्रत्येक रेणूच्या पंधरा कार्बनांच्या शेपटीतले दुहेरी बंधही ऑक्सिजनशी भिडून एकमेकांत अडकतात. म्हणजे लेप वाळत नाही, विणला जातो. पाण्याचे थेंब सुकले की विकर थंडावतं, म्हणून मुखवटा ७०-८० टक्के आर्द्रतेच्या, २०-२५ अंशांच्या बंद कपाटात ठेवतात. कोरड्या हवेत तो दिवसेंदिवस चिकटच राहील.

या चिकाचे भाऊबंद आपल्या ओळखीचे आहेत. आंबा, काजू आणि बिब्बा ही त्याच कुळातली झाडं. बिब्ब्यातला भिलावनॉल उरुशिऑलचा सख्खा भाऊ शोभावा असा, म्हणूनच धोब्याची बिब्ब्याची खूण धुतली तरी जात नाही, आणि म्हणूनच बिब्बा उततो. उरुशीच्या कारागिरांनाही नवशिकेपणी असेच फोड येतात. दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा टांगून नजर टळते याला काडीचा आधार नाही. पण मुरगळलेल्या पायाला किंवा तान्ह्या बाळाच्या अंगाला बिब्बा लावणं निव्वळ घातक आहे. कातडी भाजते. कृपा करून लावू नका. जपानातही सिंहाने बाळाचं डोकं चावलं की पीडा टळते असं मानतात, पण तिथे निदान लाकडी जबडा नुसता टेकवतात, बाळाला इजा होत नाही.

लेपाचा एकेक थर कोळशाने घासून पुढचा चढवतात. कपाटातून निघालेला लाल सिंह सुरुवातीला चक्क तपकिरी दिसतो. पुढच्या महिन्यांत लेप हळूहळू पारदर्शक होत जातो आणि आतला लाल रंग खुलत येतो.