नवोदित खेळाडूची पारख (बास्केटबॉल)

कुमारवयीन बास्केटबॉलपटूचे आजचे कौशल्य जोखणे आणि तो पाच-सात वर्षांनी कुठवर पोहोचेल याचा अंदाज बांधणे, या दोन्ही कामांना मिळून पारख म्हणतात. ही कामे बहुधा एकाच दिवशी, एकाच मैदानावर आणि एकाच माणसाकडून होत असली तरी ती वेगळी आहेत. जिल्हा संघ निवडणाऱ्या कोचला पुढच्या महिन्यातली स्पर्धा जिंकायची असते. अकादमीच्या स्काउटला आज मार खाणारा, पण अजून वाढायचा राहिलेला मुलगा चालतो. पारखीतल्या बऱ्याच चुका एका कामाचे उत्तर दुसऱ्या कामाला लावल्यामुळे होतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९७८ मधले आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन येथील लेनी हायस्कूलने दहावीतल्या मायकेल जॉर्डनला मुख्य संघाऐवजी कनिष्ठ संघात टाकले. तेव्हा त्याची उंची जेमतेम ५ फूट १० इंच होती. त्याच वर्गातला, त्याच्याहून बराच उंच लेरॉय स्मिथ मात्र मुख्य संघात गेला. ही गोष्ट ‘कोच आंधळे होते’ अशा थाटात सांगितली जाते, ते काही खरे नाही. शाळेला त्या मोसमात उंच मुलगा हवा होता आणि कनिष्ठ संघात जॉर्डनला भरपूर खेळायला मिळाले. निर्णय त्या वर्षापुरता बरोबर होता. जॉर्डनची उंची पुढे ६ फूट ६ इंचांपर्यंत गेली.

या वयात सर्वांत जास्त फसवते ते शरीर. उंचीची झपाट्याने वाढ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास होते. पण कोणाची दोन वर्षे आधी, तर कोणाची दोन वर्षे उशिरा. त्यामुळे चौदा वर्षांखालच्या एकाच संघात मिसरूड फुटलेला मुलगा आणि आवाजही न फुटलेला मुलगा शेजारी उभे दिसतात. लवकर वाढलेल्याला कोच रिंगखाली उभा करतात, चेंडू वरून दिला जातो, बास्केट पडते. त्याला ड्रिबल करावे लागत नाही, लांबून शॉट मारावा लागत नाही. अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात, तेव्हा त्याच्या हातात काहीच उरलेले नसते. उलट बाजूला अँथनी डेव्हिस आहे. शिकागोच्या शाळेत तो गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारा, सहसा कमी उंचीचा खेळाडू होता. मग थोड्याच काळात सुमारे ८ इंच वाढला, पण गार्डचे हात कायम राहिले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात; २०१२ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड सर्वांत पहिली झाली.

म्हणून अनुभवी पारखी आई-वडिलांकडेही पाहतो. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, मुलासाठी तीत १३ सेंटिमीटर मिळवायचे, मुलीसाठी वजा करायचे आणि निम्मे घ्यायचे, हा बालरोगतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली खामिस-रोश पद्धत त्यात मुलाचे सध्याचे वय, उंची आणि वजनही धरते. मात्र ती अमेरिकी गोऱ्या मुलांच्या नोंदींवर बेतलेली असल्याने आपल्याकडे जपूनच वापरावी. कोणत्याही पद्धतीत काही सेंटिमीटर इकडचे तिकडे होतातच, आणि गार्ड व त्याहून उंच फॉरवर्ड यांच्यातला फरक कधी कधी तेवढाच असतो.

जन्मतारखेचाही वाटा असतो. वयोगटाची सीमारेषा १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही त्याच गटात खेळतो. निवडलेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतली मुले प्रमाणाबाहेर जास्त आढळतात. भारतात खोट्या जन्मदाखल्याचा प्रश्न वेगळाच. तिथे गुणवत्तेच्या गप्पांना काही अर्थ उरत नाही.

मोजमापाचे शास्त्र सर्वांत पुढे गेले ते एनबीएच्या ड्राफ्ट कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात. तिथे अनवाणी उंची, फैलावलेल्या हातांची लांबी म्हणजे विंगस्पॅन, उभ्याने हात वर केल्यावरची पोहोच, उडी आणि चपळाई मोजतात. यांत पारखी सर्वांत जास्त वजन विंगस्पॅनला देतात, कारण शॉट अडवतो तो हात, डोके नव्हे. पण आकडेही चकवतात. २००७ मध्ये केविन ड्युरंटला १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नाही, याची तेव्हा खूप चर्चा झाली. त्या वर्षी पहिला निवडलेला धिप्पाड ग्रेग ओडन गुडघ्यांच्या दुखण्यांमुळे नियमित मोसमांत अवघे १०५ सामने खेळला. दुसरा निवडलेला ड्युरंट २०१४ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कौशल्य पाहायचे तर स्कोअरशीट बाजूला ठेवून वॉर्म-अपपासून बसावे. उजव्या हाताचा मुलगा डावीकडून ले-अपला (धावत येऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटला) येतो तेव्हा शेवटच्या पावलाला चेंडू उजव्या हातात फिरवतो का? पास हातात येण्याआधी त्याचे पाय रिंगकडे वळलेले असतात, की चेंडू धरल्यावर तो विचार करतो? चेंडू हुकला की आधी मागे धावतो, की पंचांकडे पाहतो? चेंडूपासून दूर उभा असताना त्याची मान फिरते का? या शेवटच्या गोष्टीला खेळाची समज म्हणतात आणि ती कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. सर्बियाचा निकोला योकिच हळू होता, उडीही बेताची. २०१४ मध्ये डेन्व्हरने त्याला एक्केचाळिसाव्या क्रमांकावर घेतले. रिंगखाली उभा राहून तो पॉइंट गार्डसारखे पास देतो, हे नंतर सगळ्यांना दिसले. २०२१, २०२२ आणि २०२४ या तीन मोसमांचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

शूटिंगबाबत एक उपयोगी खूण आहे. तरुण खेळाडूच्या थ्री-पॉइंटरपेक्षा (लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटपेक्षा) त्याच्या फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी पुढच्या नेमबाजीचा अंदाज अनेकदा अधिक चांगला देते, कारण तिथे समोर कोणी नसते आणि अंतर ठरलेले असते. हाताची घडण त्यात उघडी पडते. कवाय लेनर्ड महाविद्यालयात तीन गुणांच्या रेषेबाहेरून चारातला एकच शॉट टाकत होता, फ्री थ्रो मात्र चारातले जवळजवळ तीन. सॅन अँटोनियोने २०११ मध्ये अदलाबदलीत त्याला घेतले, शॉट दुरुस्त केला आणि तो थ्री-पॉइंटरचा भरवशाचा खेळाडू झाला.

स्वभाव, अभ्यास, घरची परिस्थिती यांचीही चौकशी होते. पण त्यासाठी मुलाला महिनोन्‌महिने सरावात पाहावे लागते. दोन दिवसांच्या ट्रायलमध्ये काढलेले निष्कर्ष बहुधा ऐकीव असतात.

भारतात उंचीच्या भरवशावर झालेल्या निवडीचे ठळक नाव सतनामसिंग भामरा. पंजाबातल्या बल्लो के गावचा हा मुलगा लुधियानाच्या अकादमीत घडला आणि २०१० मध्ये फ्लोरिडाला गेला. ७ फूट २ इंच उंचीच्या सतनामला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंचीचा अंदाज चुकला नव्हता. पण नेमक्या त्याच काळात तिथल्या सेंटरना, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूंना, रिंग सोडून थ्री-पॉइंट रेषेपर्यंत बचावाला धावावे लागू लागले होते, आणि तेवढी चपळाई त्याच्या पायांत नव्हती. तो टेक्सास लीजेंड्स या दुय्यम संघाकडून दोन मोसम खेळला, एनबीएच्या नियमित मोसमातला एकही सामना त्याला मिळाला नाही, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीत उतरला.