चार पुतळे आणि आठवणीची निवड

सोलापुरात रिक्षात बसून ‘चार हुतात्मा चौक’ एवढे म्हटले की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. दरवर्षी त्या दिवशी पुतळ्यांना हार घातले जातात, चौथऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या साचतात आणि तीच चार नावे पुन्हा उच्चारली जातात. स्मारकाची खरी ताकद त्या दगडापेक्षा या उजळणीत आहे, असे मला वाटते.

माणूस एकट्याने आठवत नाही, समाजाने दिलेल्या चौकटीत आठवतो, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्येच मांडले होते. ही चौकट मेंदूत कसे काम करते, याचा एक धागा १९९४ मधील प्रयोगांतून हाती लागला. मायकेल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना फळांसारख्या गटांतील शब्द पाठ करायला दिले आणि नंतर एखाद्या गटातल्या निवडक शब्दांचीच उजळणी करून घेतली. उजळलेले शब्द पक्के झाले, यात नवल नव्हते. पण त्याच गटातले वगळलेले शब्द, ज्या गटांना कुणी हातही लावला नव्हता त्यांतल्या शब्दांपेक्षा अधिक विसरले गेले. पुढे २००७ मध्ये असे दिसले की बोलणारा निवडक आठवणी सांगत असताना नुसत्या ऐकणाऱ्याच्या मनातही हेच विसरणे घडते.

म्हणून शंकर शिवदारे यांचे नाव मला महत्त्वाचे वाटते. ८ मे १९३० रोजी सोलापुरात झालेल्या गोळीबारात ते मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शहरावर मार्शल लॉ लादला गेला. ते याच कथेतले आहेत, आणि प्रयोगांचा निष्कर्ष समाजाच्या स्मृतीला लावून पाहिला तर नेमक्या त्याच कारणाने चार नावांच्या उजळणीत ते मागे पडण्याचा धोका अधिक आहे.

यावर उपायही संशोधनातूनच सुचतो: शिकतानाच गटातल्या गोष्टी एकमेकींशी अर्थाने जोडून घेतल्या, तर हे विसरणे बरेच कमी होते. चौथऱ्यापाशी आलेल्या मुलांना फाशीची हकिगत त्या गोळीबारापासून सांगायला घेतली, तर पाचवे नाव वेगळे पाठ करावे लागणार नाही.