नाला जोडतो, नाला तोडतो

जुलैत संततधार लागली की बेळगावचा बळ्ळारी नाला पात्राबाहेर येतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव, हलगा या शिवारांतलं भात दिवसचे दिवस पाण्याखाली राहतं, कुजतं, आणि मग दुबार लावणीची धावपळ. शहराच्या दक्षिणेकडची ही जमीन सखल, काळी आणि बांधाला बांध लागून. एकानं पाणी सोडलं की ते पुढच्याच्या वाफ्यात उतरतं. म्हणून शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय इथे शेती होतच नाही.

याच शिवारांतून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याविरुद्धचा लढा वर्षानुवर्षं शिवारात आणि कोर्टात टिकला, त्याचं एक कारण मला या मातीत दिसतं. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातल्या भेगा मिटतात आणि पाणी खाली मुरायचं जवळपास थांबतं. ते शिवारावरून पसरत, अगदी मंद उतारानं नाल्याकडे सरकतं. अशा सपाटीवर रस्त्याचा भराव म्हणजे आडवा बांधच. मोऱ्या कमी पडल्या की वरच्या बाजूचं शेत तळं होतं. म्हणजे ज्याची गुंठाभरही जमीन गेली नाही, त्याचंही पीक जाऊ शकतं. त्यामुळे विरोध फक्त संपादनाची नोटीस आलेल्यांपुरता राहत नाही. सीमाप्रश्नाच्या या शहरात मराठी आणि कन्नड शेतकरी एका बांधावर उभे राहिले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

खानापूर तालुक्यात पाणी याच्या नेमकं उलट वागतं. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. बारापेडे गुहेतली दुर्मीळ वटवाघळं आणि गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचा उगम याच रानातले. पण इथले ओढे खोल दऱ्यांतून वाहतात. पावसाळ्यात आमगाव, कृष्णापूर, गवाळी, पास्टोली ही गावं बेटांसारखी सुटी पडतात. लाकडं टाकून केलेला साकव वाहून गेला, तर आजाऱ्याला खांद्यावरून न्यायचं. रस्ता किंवा पूल मागायचा, तर वन्यजीव कायद्याची मंजुरी हवी. शेजारच्या गावाशी रोजची गाठ नाही, म्हणून मागणीही एक होत नाही. कुणी पूल मागतं, कुणी पुनर्वसन. तळेवाडीच्या कुटुंबांनी घरटी 15 लाखांची भरपाई घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. त्याला जंगल वाचवण्याचा विजय म्हणायला माझं मन धजत नाही. तो निर्णय निम्मा तरी ओढ्यांनी घेतला होता.

अजून वर कणकुंबीला गेलात की सह्याद्रीचा पाणलोट लागतो. इथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, आणि जवळचाच कळसा नाला पश्चिमेला म्हादईत. हे पश्चिमेचं पाणी मलप्रभेत वळवायचं, अशी कळसा-भांडुरा योजना. म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादानं 2018 मध्ये तिच्यासाठी 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केलं. या पाण्यासाठी 2015 पासून रस्त्यावर उतरले ते उत्तर कर्नाटकातल्या नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी, घाटाच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या पट्ट्यातले. विरोधात उभा राहिला गोवा, म्हादईच्या खालच्या अंगाचा. दोन्हीकडच्या सभांना हजारो माणसं. आणि खोदाई झाली ती मधल्या कणकुंबीत, जिथे पाऊस धो धो आहे पण मतं मोजकी.