नॅव्हिगेशन आणि रोबोटिक: गुडघेबदलाच्या दोन पद्धती

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली की ‘कॉम्प्युटर नॅव्हिगेशन’ आणि ‘रोबोटिक’ असे दोन शब्द कानावर पडतात आणि बहुतेकांना ते एकच वाटतात. दोन्हींत सहसा मांडीच्या व नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणा लावतात आणि कॅमेरा त्यांवरून पायाची स्थिती टिपतो, हे खरे. पण हाड कापताना करवतीला आवर कोण घालतो, यात मोठा फरक आहे.

नॅव्हिगेशनची सुरुवात १९९७ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे झाली. यात डॉक्टर रुग्णाचा पाय खुब्यापासून गोल फिरवतात, त्या हालचालीवरून संगणक खुब्याच्या सांध्याचा मध्य शोधतो आणि गुडघ्याच्या व घोट्याच्या ठरावीक जागा टोकदार दांडीने दाखवल्या की खुब्यापासून घोट्यापर्यंतची भाररेषा, म्हणजे पायावरचा भार ज्या रेषेतून जातो ती, पडद्यावर उमटते. काप किती अंशांत जाईल हे आकड्यांत दिसते. मात्र हात चुकला तर तो अडवणारे काही नसते.

रोबोटिक पद्धती मात्र सगळ्या सारख्या नाहीत, आणि खरा गोंधळ इथेच होतो. ‘माको’ या रोबोटमध्ये आधी सीटी स्कॅनवरून आराखडा तयार होतो, करवत यंत्राच्या बाहूला जोडलेली असली तरी ती चालवतात डॉक्टरच, आणि आखलेल्या सीमेबाहेर ती जाऊ लागली की बाहू तिला रोखतो. ‘रोझा’ कापण्याचा साचा अचूक जागी धरून ठेवतो, काप डॉक्टर घेतात. ‘क्युव्हिस’ डॉक्टरांच्या देखरेखीखाली हाड स्वतः कोरतो. त्यामुळे ‘रोबोटने ऑपरेशन केले’ हे वाक्य शब्दशः फार थोड्या ठिकाणी लागू पडते.

हाडे या भाररेषेत नीट जुळवण्यात दोन्ही पद्धती हाताने केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरतात. तरीही दक्षिण कोरियातील रुग्णांचा सरासरी १३ वर्षे मागोवा घेऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोबोटने आणि रोबोटविना बसवलेल्या गुडघ्यांच्या टिकाऊपणात किंवा हालचालींत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यातला रोबोट जुन्या पिढीचा होता, हे मान्य. तरी जाहिरातीतल्या आश्वासनांपुढे ही नोंद मला अधिक वजनदार वाटते. शिवाय पिनांच्या छिद्रातून क्वचित हाड मोडू शकते, ही जोखीम दोन्हींकडे आहे.

ऑगस्ट २०१७ पासून भारतात गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. यंत्राच्या वापराचे शुल्क त्या मर्यादेत येत नाही. म्हणून खर्चाचा अंदाज घेताना सांध्याची किंमत आणि यंत्राचे शुल्क वेगवेगळे लिहून मागावे आणि करवत प्रत्यक्षात कोण चालवणार, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.