परीक्षा नाही, मग गुरुजी तपासतात काय?

सांगली जिल्ह्यात जत, कवठेमहांकाळकडच्या पारावर हा प्रश्न वर्षानुवर्षं फिरतोय. मूळ आहे अर्धवट ऐकलेल्या कायद्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं (हे पुढं २०१९ मध्ये थोडं सैल झालं) आणि लोकांनी त्याला ‘ढकलगाडी’ म्हटलं. पण त्याच कायद्याचं कलम २९ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर सगळ्या अंगांनी तपासणी, करायला सांगतं. महाराष्ट्रात त्याचे दोन भाग: रोजच्या कामातलं आकारिक आणि सत्राअखेरचं संकलित. म्हणजे तपासणी उलट वाढली.

वाचनात खरी गंमत आकारिकची. एक पोर ‘काका’ला ‘कक’ वाचतं; काना कळलेला नाही. दुसरं धडा घडाघडा म्हणतं, बोट मात्र भलत्याच ओळीवर. पाठांतर आहे ते. तिसरं ‘भाजी’ला ‘बाजी’ म्हणतं. जतच्या पूर्व भागात पुष्कळ घरांत कन्नड बोलतात आणि बोली कन्नडमध्ये ‘भ’ बरेचदा ‘ब’कडे झुकतो. मग चूक वाचनाची की जिभेच्या सवयीची? दोन-तीन चित्रं समोर ठेवायची. पोरानं शब्द वाचून भाजीवर बोट ठेवलं, तर वाचन ठीक आहे.

वर्षअखेरीस एकदमच बसून भरलेल्या आकारिकच्या नोंदवहीचा उपयोग शून्य, हे मान्य. पण कान्यावर अडलेल्या पोराला उद्या ‘कर-कार’, ‘मन-मान’ अशा जोड्याच द्यायच्या, आख्खा धडा नाही, हे आजच्या दोन ओळींच्या नोंदीतूनच ठरतं.