खर्रा, कॅडमियम आणि गंधकाची मूठ

नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या पानठेल्यापाशी थांबा. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटल्याचा आवाज येतच असतो. खर्रा खाऊन तोंडाचा कर्करोग होतो, हे आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यातल्या कॅडमियमबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

तंबाखूचं झाड हा विषारी धातू मातीतून ओढून पानांत साठवतं आणि तरी हिरवंगार राहतं. त्याच्या पेशींत फायटोकेलॅटिन नावाच्या छोट्या साखळ्या तयार होतात. त्या कॅडमियमला धरतात आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, नेऊन कोंडतात. झाडाचं भागलं. पान खाणाऱ्याचं काय?

आपल्याही अंगात असा बंदोबस्त आहे. 1957 मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली या शास्त्रज्ञांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून बसलेलं एक प्रथिन सापडलं. पुढे त्याचं नाव पडलं मेटॅलोथायोनिन. केवढंसं ते! साठेक अमिनो आम्लं, पण त्यांतली तब्बल 20 सिस्टीन. सिस्टीनमध्ये गंधक असतं, आणि कॅडमियम, पारा यांचा गंधकावर भारी जीव. (उकडलेल्या अंड्याने चांदीचा चमचा काळा पडतो, तोही गंधकामुळेच.) एका रेणूच्या मुठीत कॅडमियमचे सात अणू मावतात. एरवी त्या जागी जस्त असतं. कॅडमियम आलं की ते जस्ताला हुसकावतं, आणि हे बेघर झालेलं जस्तच पेशीला वर्दी देतं: आणखी प्रथिन बनवा! ही युक्ती मला फार आवडते.

पण दारू यकृतात मोडते, तसं कॅडमियम मोडत नाही. मूलद्रव्यच ते, मोडणार काय? यकृतातलं प्रथिन धातूसकट रक्तात उतरतं. मूत्रपिंड ते गाळतं, परत शोषतं, मोडतं. धातू सुटतो. मग पुन्हा नवं प्रथिन, पुन्हा तीच मूठ. कॅडमियम तिथे 10 ते 30 वर्षं मुक्काम ठोकतं, आणि साठा फार वाढला की मूठ अपुरी पडते. जपानमध्ये जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यावर पिकलेला भात खाऊन लोकांची मूत्रपिंडं बिघडली, हाडं ठिसूळ झाली. त्या रोगाला नाव पडलं इताई-इताई, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’.

तंबाखू ओढणाऱ्याच्या फुफ्फुसांतून कॅडमियम जास्त शिरतं, चघळणाऱ्याच्या पोटातून कमी. मात्र अंगात लोह कमी असेल, जसं बायकांच्या बऱ्याचदा असतं, तर पोटही ते जास्त शोषतं. आणि आपल्याकडे खर्रा खाणाऱ्या बायकाही काही थोड्या नाहीत.